पूनम वहिनीची पात

नववीत गणिताच्या सराशी भांडण झालं. मी वही टेबलावर आदळली अन् निंघून आली. त्याले दोन वर्षं झाले. कोनी इचारलं तं मी सांगतो, शाळा सोडली.

काल विहारात पोरींले शिकवनाऱ्या धम्मशीलाताईनं सतरा नंबरचा फॉर्म समोर ठेवला. तो भरला का घरी बसून दहावी देता येते.

"उद्या शेवटची तारीख हाये, पायल. चिखलीले ये, मी सेंटरवर थांबतो."

"सोडली म्हनजे सोडली. परत काऊन जाऊ?"

ताईनं तिची जाडी डिक्शनरी उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. इंटरमिट.

"लय कमी लोक वापरतात हा. डॉक्टर तापासाठी म्हनतात. ताप उतरते, मंग पुन्हा चढते. थांबनं, पन पुन्हा सुरू व्हासाठी."

"थांबलं ते थांबलं. इंग्रजीत म्हटलं म्हून काय होते?" मी चप्पल घातली अन् आली.

आज पंजाबरावच्या कपाशीत निंदाले गेलो. पाच बाया, पाच पाती; जिची तिची ओळ. दहाच्या सुमारास धुऱ्याच्या बांधावर पूनम वहिनीचं लेकरू रडाले लागलं. तिनं इळा मातीत गाडला अन् पाजाले गेली. मले दम कुठी? माही पात सरली तशी मी तिचा इळा उपटला अन् तिच्या पातीले लागली.

"ए पोरी! ठेव तो इळा!" बाजूच्या पातीवरून बेबीताई वरडली.

"मदतच करून राह्यली न मी!"

"तुले कोनं सांगतलं ते येनार नाही म्हून? इळा गाडला म्हनजे पात तिचीच. तास लागो का दोन."

"अन् आलीच नाही तं?"

"जिले याचं नसते, ते इळा घेऊन जाते बाप्पा."

माही कानशिलं तापली. नववीचे पुस्तकं आठोले. माय चारदा म्हनली, रद्दीत देऊ. चारी वेळा मी तिच्या अंगावर गेली.

वहिनीचा इळा होता तथीच गाडला. वहिनी पदर सावरत आली. "माह्या गवतावर काय डोळा वं तुहा?" म्हनून हसली अन् बसली निंदाले.

मी नव्या पातीच्या तोंडाशी माहा इळा गाडला.

"आता तू कुठी वं?" बेबीताईनं इचारलं.

"चिखलीले. फॉर्म भरून येतो."

"जीप भेटली नाही तं?"

"तरी येतो. माही पात ठेवजा."

रस्त्यावरून वळून पाह्यलं. बेबीताई माह्या इळ्याले वळसा घालून पुढच्या पातीले लागली होती.