पांढरी फीत

अ‍ॅन्सल ट्रेडवेने खिशातून चिमटा काढला आणि शवपेटीवर वाकून धाकट्या भावाच्या, हार्लनच्या, कोटावरचं पांढरं फूल न्याहाळलं. रेशमी फितीचं, जुनं, पिवळट पडलेलं. टाचणी मात्र नवी होती.

"नवं भोक पाडलंस," तो म्हणाला.

"तुला आधी तेच दिसलं?" हार्लनची बायको व्हर्ना म्हणाली. तिच्यामागे शेजारीपाजारी कॉफीचे पेले धरून हळू आवाजात बोलत होते.

दोघा भावांनी उभा जन्म जुन्या अमेरिकी फौजेच्या टोप्यांवरची चिन्हं जमवण्यात घालवला होता. त्यांतलं सगळ्यात दुर्मीळ हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकी सैन्याची खूण काळी फीत, मदतीला आलेल्या फ्रेंचांची पांढरी. दोस्तीखातर काळ्यावर पांढरी शिवून एकच फूल केलेलं. पुढे ती दोस्ती फिसकटली आणि कुणाच्या टोपीवर कुठली फीत आहे ते बघून माणसं भर रस्त्यात एकमेकांची डोकी फोडू लागली. शाळांतून हा इतिहास सांगताना दोघे भाऊ पोट धरून हसायचे.

मग एका निवडणुकीत हार्लनने अंगणात भलत्याच पक्षाची पाटी रोवली. भांडण झालं, संग्रहाची वाटणी झाली. हे फूल सोडायला कुणीच तयार होईना, तेव्हा या दोन शहाण्यांनी ब्लेडने टाके उसवले. काळं थोरल्याने नेलं, पांढरं धाकट्याने. त्यानंतर बोलणं बंद. हार्लन अंथरुणाला खिळला तरी अ‍ॅन्सल फिरकला नाही. आज मात्र आला होता, कारण पांढरं मातीत गेलं की त्याच्याकडचं काळं कायमचं अर्धं राहणार होतं.

"पेटी बंद व्हायच्या आत मला ते हवंय, व्हर्ना. खाली कुजून जाईल."

"मग काढून घे."

"तुझी हरकत नाही?"

"माझी कसली हरकत?"

चिमट्यात टाचणी येईना. नाजूक कामात मुरलेल्या त्याच्या हातातून ती दोनदा निसटली. शेवटी व्हर्नाने त्याला बाजूला केलं, फूल सोडवलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"त्यानेच लावायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाला, गावभर सांग की हे माझ्यासोबत पुरणार आहेत. माझ्यासाठी नाही, तर ह्याच्यासाठी तरी अ‍ॅन्सल येईल."

पेटी बंद करणारा माणूस दाराशी येऊन उभा राहिला. अ‍ॅन्सलने मूठ मिटली आणि आल्यापासून पहिल्यांदाच भावाच्या तोंडाकडे पाहिलं.