हकिकाचं पाणी

"काळा रंग माणसाला कधीच फसवत नाही," असा सिद्धान्त भाऊंनी मांडला, तेव्हा त्यांच्या एका पायात काळा मोजा होता आणि दुसऱ्यात निळा.

समोर खड्यांचा पॉलिशवाला आईची अंगठी भिंगाखाली धरून बसला होता. तिच्यातला हकिकाचा काळा खडा निस्तेज दिसू लागला होता. आईमागे ही अंगठी सहा महिने ताईकडे आणि सहा महिने भाऊंकडे, अशी वाटणी होती. भाऊंची पाळी संपत आली होती. चार दिवसांनी ताई न्यायला येणार.

"साबण लावत नाही, इतर दागिन्यांत टाकत नाही, मऊ फडक्यात एकटा ठेवतो," भाऊ म्हणाले. "तरी हे असं."

पॉलिशवाला दिवा लावायला पाठमोरा झाला, पुन्हा वळला आणि "हं" म्हणाला.

"पाणी उतरलंय, काका. पाणी द्यावं लागेल. ठेवून जा, परवा या."

ठेवून जा! भाऊंची हयात वजनमापे खात्यात गेलेली. तागडीवर माशी बसली, तर तिला कोणी बसवली, असं विचारणारा माणूस. पाठ कशाला वळवली? 'हं' कशासाठी? त्यांनी अंगठी उचलली आणि तडक घर गाठलं. पाणीच द्यायचं ना? नळ आपल्याही घरी आहे.

अंगठी पेल्यात बुडली. तिसऱ्या दिवशी पाण्याची शाई झाली होती आणि कोंदणातून बाटलीच्या तळासारखी पांढरी काच भाऊंकडे बघत होती.

"पाठ वळवलीस तेव्हाच खडा बदललास!" भाऊ दुकानात गरजले. "चोर आहेस तू!"

"काका, पाणी म्हणजे चमक. पॉलिश. पेल्यातलं नव्हे." पॉलिशवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "ही आधीपासून काचच होती, मागून काळा रंग दिलेली. हकीक बोटाला गार लागतो, ही लगेच कोमट झाली. काचेत कडेला बुडबुडेही होते. म्हटलं, घरातली भानगड असेल, आपण कशाला बोला?"

"पकडला गेल्यावर सगळे असंच बोलतात!"

दुसऱ्या दिवशी ताई आली, तेव्हा भाऊ पोलिसांत द्यायच्या तक्रारीचं दुसरं पान लिहीत होते. ताईने पहिलं वाचलं आणि खाली बसली.

"फाड ते. खरा खडा माझ्या हातून गेला. बेसिनमध्ये. अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं! आणि मी काच फडक्यात गुंडाळत बसलो?"

"छान सांभाळलीस हो."

"सांगितलं का नाहीस?"

"तू मला उलटतपासणीला उभं केलं असतंस. आईची वस्तू हरवली, हे मला स्वतःलाच सांगवत नव्हतं रे."

भाऊंनी पेन खाली ठेवलं.

"पण ताई," भाऊ हळूच म्हणाले, "बेसिनमध्येच ना?"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की भाऊंनी कागद स्वतःच फाडले.

"आधी त्या पॉलिशवाल्याची माफी मागून ये," ताई म्हणाली. "आणि येताना दोन पेन्सिल सेल आण. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय माझं."