मातीला घातलेले टाके

घरामागच्या उतारावरची माती दर पावसात वाहत शिंपीकाकांच्या शिवणाच्या खोलीत शिरायची. यंदा तर गिऱ्हाइकाचं पांढरं कापडच चिखलात माखलं. काकांनी उतारावर सिमेंट ओतायचं ठरवलं, तर सुनेने तिथे रानातली जमिनीसरशी पसरणारी, बारमाही हिरवी वेल लावून ठेवली.

"सूनबाई, अगं पाल्याने कधी चिखल थांबलाय?"

"बाबा, एक पावसाळा द्या तिला. नाही थांबला, तर सिमेंट मीच कालवते."

उन्हाळ्यातही वेल टवटवीत राहिली, पण वाढली वेडीवाकडी. वाकडा काठ म्हणजे काकांच्या डोळ्यांत कुसळ! त्यांनी कापडाची कात्री घेतली, काठ सरळ केला आणि कातरण उघड्या उतारावर भिरकावली.

सुनेने कपाळाला हात लावला. "बाबा, वेल आहे ती, परकर नव्हे!"

काका ओशाळले. पण देव कुणाच्या हातून काय करून घेईल, सांगता येत नाही. वळवाच्या सरी पडल्या, पडलेल्या तुकड्यांना पेरापेरापाशी मुळं फुटली आणि सगळा उतार हिरवा झाला.

मग धो धो पाऊस आला. काका गठ्ठे टेबलावर चढवून उंबऱ्याकडे बघत बसले. पाणी अंगणातून वाहून गेलं, तेही नितळ. माती जागची हलली नाही.

पाऊस थांबल्यावर त्यांनी वाकून वेल जराशी उचलून पाहिली.

"सूनबाई, हिने तर माती टाके घालून शिवलीय गं!"

"मग सिमेंट कालवू?"

"राहू दे. काठ वाढला की मला हाक मार. आणि कातरण टाकू नकोस, शेजारी मागतील."