पाणी कधी गेलं?

निळं टोपण... नर्सने बाटलीवरून नखाने उडवलं आणि ते घरंगळत शिवकांताच्या चपलेपाशी येऊन थांबलं. आत काचेच्या पेटीत तीन दिवसांची नात – पहिलीच – आणि तिच्यासाठी हे औषध. हेच म्हणे कळा सुरू असताना लेकीच्या, अंबिकेच्या शिरेतून गेलं असतं तर लेकराच्या रक्तात जंतू उतरायची वेळ बहुतेक आली नसती. नर्सच म्हणाली. सहज, बाटली हलवता हलवता.

"पाणी जाऊन अठरा तास उलटले की आम्ही देतोच, मावशी. तुमच्या कागदावर एकच तास लिहिलाय."

एकच तास. मीच सांगितला होता तो.

येळवस होती, रानात पूजा करून जेवायची अमावस्या. पहाटेपासून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजवलेली, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन माणसं दारात उभी, अर्ध्या जळकोटाला रानात जेवायला बोलावलेलं – आणि ऐन निघताना बाळंतपणाला आलेली लेक कानाशी, "आई, परकर भिजलाय गं." कळ नव्हती. जेवणं होऊ दे, मग बघू, मी म्हटलं. पहिलटकरणीला वेळ लागतो, मला काय माहीत नाही, तीन बाळंतपणं झालीत माझी! पोरीला पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीशेजारी सतरंजीवर बसवलं, वर आग्रह करकरून वाढलं... दिवस मावळेपर्यंत बसली बिचारी, आल्यागेल्याशी हसत. दुसऱ्या दिवशी पहाटे कळा आल्या. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, पाणी कवा गेलं, तर जीभ आपोआप वळली – "हे काय, आत्ता दवाखान्याला निघताना." काल दिवसभर रानात जेवत बसलात का, असं म्हणतील म्हणून. एवढ्याशा लाजेपायी! जळो मेली ती लाज...

अंबिका शेजारच्या खोलीतून दूध काढून आली, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनीही तेच काढलं – नीट आठवा, पाणी नक्की कधी गेलं होतं? शिवकांताने लेकीकडे पाहिलं. आता सांगते ही. सांगू दे, सांगायलाच पाहिजे, पण देवा...

अंबिकेने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कळलंच न्हाई, डॉक्टर. माझंच ध्यान नव्हतं."

डॉक्टर "बरं" म्हणून लिहू लागले. शिवकांताने वाकून चपलेपाशी पडलेलं ते निळं टोपण उचललं. तीन दिवस एकच धास्ती होती, पोरगी बोलून जाईल. आता पोरीकडे बघवेना. ही कुणालाच सांगायची नाही – नवऱ्याला नाही, सासूला नाही, मोठी झाल्यावर त्या लेकरालाही नाही... मोठी झाली तर.