घाई नाही, आपला कॉलिन

माझ्या नवऱ्याला, म्हणजे कॉलिनला, सगळ्यांच्या कॉलला, अग्निशमन दलाच्या गटातून हाकलायचं चाललं होतं. कारण काय, तर त्याची भाषा. आमच्या गावात, कूंडा गॅपमध्ये, आग लागली की भोंगा वाजतो हे खरं, पण पाण्याचा ट्रक कोण नेणार, कुणाचा गहू धोक्यात आहे, दमून आलेल्यांना सँडविच कोण करून घालणार, हे सगळं ठरतं फोनवरच्या त्या गटात. गटात नाही तो दलात नाही. कॉलचे केस काळे होते तेव्हापासून तो दलाचा कप्तान. त्याला दुसरा नाद नाही, चर्चची पायरी तो चढत नाही, मित्र म्हणाल तर सगळे त्या ट्रकवरचेच. तिथून काढला असता तर माणूस घरात बसून बसून वाळून गेला असता.

आता त्याची भाषा वाईट आहे, मी कशाला झाकू? आमच्या शेजारच्या क्लेम शिर्मरला तो 'कुजका बटाटा' म्हणतो आणि क्लेम त्याला 'टकल्या बोकड'. क्लेमची बायको वारली तेव्हा कॉलने गटात लिहिलं होतं, "ए कुजक्या बटाट्या, तुझी मेंढरं मी कातरून टाकतोय. इकडे तडमडू नकोस, घरात पडून राहा." क्लेमने तो निरोप अजून जपून ठेवलाय. आमच्याकडे असंच आहे. ज्याला शिव्या घालतो तो आपला. ज्याला 'आदरणीय' लिहिलं, त्याची गाठ एक तर कोर्टात पडायची असते, नाहीतर त्याचं पुन्हा तोंड बघायचं नसतं.

फिलिपाला हे कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. ॲडलेडहून आली, टेकडीवरची बंद पडलेली शाळा घर म्हणून घेतली आणि दलात शिरली. कामाला वाईट नव्हती; हे म्हणताना माझ्या जिवावर येतं, पण नव्हती. शहरात कुठल्याशा मोठ्या कंपनीत ती लोकांना एकमेकांशी नीट वागायला शिकवायची म्हणे. एकदा ट्रक मागे घेताना तिने कुंपणाचा खांब पाडला. कॉलने गटात लिहिलं, "अगं बये, तो खांब माझ्या जन्माआधीपासून तिथे उभा आहे. डोळे काय शेळीला दिलेस चघळायला?" खरं तर त्या दिवशी त्याने तिला आपल्यात घेतलं होतं. ती मात्र घरी जाऊन रडली आणि तिने जिल्ह्याच्या साहेबाला कळवलं.

मग आले 'सुसंवादाचे नियम'. शिवी नाही, टोमणा नाही, आधी नमस्कार, मधे कृपया, खाली नाव. साहेबाने मान डोलावली आणि गटाची किल्ली फिलिपाच्या हातात दिली. कॉलला दोन ताकिदा मिळाल्या. तिसऱ्यांदा घसरला की बाहेर, असं तिने गोड शब्दांत लिहून कळवलं.

आणि गाव जे नासलं ते तिथून. आधी कुणी नळी गुंडाळायची विसरला तर चार शिव्या खायचा आणि विषय संपायचा. आता लोक लिहायला लागले, "आदरणीय क्लेम, आपण काल नळी चिखलात ठेवल्याबद्दल मनःपूर्वक आभार." त्यावर क्लेम लिहायचा, "आपल्या थोर मनाला वंदन." एकेक निरोप असा, की वाचून अंगाची आग व्हावी. नियम एकही मोडलेला नसायचा. दुकानात भेटले तरी लोक माना फिरवायला लागले.

एकटा कॉल तेवढा कुणाला चिडवत नव्हता. तो घाबरला होता. स्वयंपाकघरात चष्मा लावून बसायचा, एकेक ओळ लिहायचा, पुसायचा, आणि मला विचारायचा, "व्हर्ना, यात कुणाला लागण्यासारखं काही आहे का गं?" जन्मभर मला 'म्हातारं घुबड' म्हणणारा माणूस सवय व्हावी म्हणून घरातसुद्धा "व्हर्ना, कृपया मीठ देतेस का" म्हणायला लागला. ते ऐकून मला त्या बाईचा गळा आवळावासा वाटायचा. अजूनही वाटतो.

त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, गावापासून लांब, बंदरावर. डाव्या गालात इंजेक्शन टोचून डॉक्टर बाहेर गेला होता. मी खुर्चीत आडवी पडून फोन बघत होते. गटात कॉलचा निरोप होता, बराच वेळापूर्वीचा.

"सर्वांना नमस्कार. आपल्यापैकी कुणाला सवड झाल्यास कृपया आमच्या खालच्या रानात, ओढ्याजवळ, येऊन जावे. थोडी मदत हवी आहे. घाई नाही. आपला, कॉलिन."

खाली सगळ्यांची थट्टा. क्लेमने लिहिलं होतं, "महाराजांनी आठवण काढली, धन्य झालो." दुसऱ्याने विचारलं होतं, बँडबाजा घेऊन येऊ का. कुणी नुसते हात जोडले होते. आणि सगळ्यांच्या खाली फिलिपा: "कॉलिन, किती सुंदर निरोप! तुमच्यातला बदल पाहून खरंच आनंद झाला. सर्वांनी हाच नमुना समोर ठेवावा." शेजारी एक फूल.

मी खुर्चीत ताडकन उठून बसले. टोमणा मारणं कॉलला जमतच नाही, तो सरळ शिवी देतो. आणि 'घाई नाही' हे शब्द मी त्याच्या तोंडून एकदाच ऐकले होते. धान्याच्या यंत्रात त्याचा हात अडकला होता आणि तो मला म्हणाला होता, चहा पिऊन मग ये, घाई नाही. आमचे पुरुष असेच. बारीकसारीक लागलं तर गाव डोक्यावर घेतील, आणि खरंच जिवावर बेतलं की पाहुण्यासारखे लाजतील.

मी कॉलला फोन लावला, तो लागेना. ओढ्याजवळ नुसता निरोप कसाबसा जातो, बोलणं होत नाही. मग क्लेमला लावला. माझं अर्धं तोंड बधिर, शब्द धड फुटेनात. त्याला वाटलं मी सकाळीच ढोसून बसलेय. तो हसला. त्यावर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे तो ऐकायला लागला.

"क्लेम," मी म्हटलं, "तो थट्टा करत नाहीये रे. पळ."

क्लेम पळाला. उतारावर कॉलची चारचाकी मोटरबाइक उलटली होती, आणि कॉलचा पाय तिच्याखाली. निरोप पाठवल्यावर फोन हातातून निसटून खाली घरंगळला होता, त्यामुळे ती थट्टा आणि ते फूल त्याने पाहिलं नाही, एवढंच बरं झालं. उन्हात पडून त्याचे ओठ फुटले होते. हेलिकॉप्टरने त्याला शहरात नेलं. जीव वाचला. पाय गुडघ्याखालून गेला. अजून थोडा आधी आणला असता तर पायही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर कॉलने मला सांगितलं की त्याने आधी वेगळंच लिहिलं होतं: 'अरे गाढवांनो, मी मेलो, धावा.' मग ते पुसलं.

"तिसरी ताकीद झाली असती गं," तो म्हणाला.

पाय बाइकखाली चिरडतोय आणि हा माणूस 'गाढवांनो' पुसत बसला होता. मी तिथेच, त्याच्या पलंगाशी बसून, फोन काढला आणि फिलिपाचं नाव घेऊन गटात जे मनात आलं ते सगळं लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगत नाही, पण एक शब्दही पुसला नाही. तिचं उत्तर लगेच आलं. "व्हर्ना, तुमचं दुःख मी समजू शकते. मलाही झोप नाही. पण नियम सर्वांना सारखेच." त्याखाली एक ओळ उमटली, की व्हर्ना यांना गटातून काढण्यात आलं आहे.

मी कॉलला ती ओळ दाखवली. त्याने चष्मा मागितला, मग आपला फोन. मी म्हटलं, नको रे. ट्रक गेला, कप्तानी गेली, आता दलाचं म्हणून तुझ्याकडे हा गटच उरलाय. तू गप्प राहा.

तो एका बोटाने लिहीत राहिला. यात कुणाला लागण्यासारखं आहे का, असं या वेळी त्याने विचारलं नाही. पाठवून झाल्यावर फोन माझ्यासमोर धरला. वर नमस्कार नव्हता, मधे कृपया नव्हतं, खाली नाव नव्हतं. पहिलाच शब्द असा होता, की शेजारच्या पलंगावरच्या बाप्याने ऐकला असता तर नर्सला बोलावलं असतं. आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळात त्यालाही काढल्याची ओळ आली आणि गट त्याच्या फोनवर मुका झाला.

त्याने फोन उशीखाली सरकवला आणि डोळे मिटले.

"ए म्हातारे घुबडे," तो म्हणाला, "चहा आणतेस की माझ्या मरायची वाट बघतेस?"

मी उठले आणि चहा आणायला गेले.