कर्ज नाकारलेल्या घरचा बंब

बोलतोय तो मी बंब. तळघरातला. बोलतोय कसला, ओरडतोय म्हणा. सत्त्याऐंशी वर्षं गप्प बसून आग सांभाळली. आता नाही राहवत.

न्हाणीघरात असतो तसला तांब्याचा नाजूक बंब मी नव्हे. मी ओतीव लोखंडाचा, माणसाएवढा उंच, दोन बैलांएवढा जड. माझ्या पोटात पाणी उकळतं, वाफ नळांतून वर चढते आणि घरातले सात रेडिएटर तापतात. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, या दुलुथ गावात, जानेवारीत लोक सरोवराच्या कडेला बर्फावर मोटारी उभ्या करून मासे धरतात. अशा गावात बंब विझला की दोन दिवसांत नळ फुटतात आणि चार दिवसांत माणूस घराबाहेर. एवढं ध्यानात ठेवा, मग पुढचं ऐका.

मला ओतलं पेन्सिल्व्हेनियात. तुकड्यातुकड्यांनी आगगाडीतून आलो. इथंच, याच फरशीवर दोन माणसांनी मला जोडलं. आधी कोळसा खाल्ला, मग तेल, आता गॅस. शिक्षण म्हणाल तर छातीवर कारखान्याचं नाव ओतलंय तेवढंच, तेही मला वाचता येत नाही. पण कान तिखट आहेत. स्वयंपाकघरातला शब्दन् शब्द नळांतून खाली येतो.

पहिला मालक बोटीवरचा कप्तान. लाथ मारल्याशिवाय मी पेटत नाही असा त्याचा समज होता. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही. मग अठ्ठ्याहत्तर साली टाउनो आणि लेम्पी कांगास आले. दोघंही फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं. टाउनो धक्क्यावर बोटींत लोहखनिज भरायचा, लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दर ऑक्टोबरला टाउनो माझ्या झडपांना तेल घालायचा आणि पाठीवर थाप मारायचा. असा मालक मिळायला नशीब लागतं.

घरावर पंचवीस वर्षांचं कर्ज होतं, ते एकवीस वर्षांत फेडलं. मध्ये धक्क्यावर संप झाला. टाउनो सात महिने घरी. तेव्हा लेम्पी पहाटे उठून वेलचीचा गोड पाव भाजायची आणि चर्चच्या दाराशी विकायची. एक हप्ता चुकला नाही. एक! पुढे गाडीचं कर्ज घेतलं, छपराचं घेतलं. तेही वेळेत मिटवलं. टाउनो इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता त्या आठवड्यातसुद्धा ही बाई हप्त्याचा चेक टपालात टाकून मग त्याच्या उशाशी जाऊन बसली. चार वर्षं झाली त्याला. घरची शिल्लक त्या इस्पितळानं खाल्ली.

आता इथल्या लोकांची एक खोड सांगतो, कारण घोटाळा तिथंच झाला. इथं कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणून तीन कप प्यायचे. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा हावरट. आणि आपल्याकडे काय आहे ते आपल्या तोंडानं सांगणारा तर त्याहून वाईट.

गेल्या ऑक्टोबरात माझी पाठ तडकली. पाणी ठिबकायला लागलं. बंब दुरुस्त करणारा झुपान आला. टाउनोचा जुना दोस्त, बोलायला फटकळ. बॅटरी मारून त्यानं माझी पाठ तपासली.

"लेम्पी, हा गेला."

"गेला कसा? टाउनो म्हणायचा, हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल."

"टाउनोला पुरून उरला ना? मग झालं की. आता सोड बिचाऱ्याला."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का रे?" म्हणत ती हसली. मग हळूच विचारलं, "नवा केवढ्याला?"

"छोटा येईल, गॅसही कमी खाईल. जुना फोडून बाहेर काढणं धरून बारा हजार डॉलर. थंडी कडक व्हायच्या आत बसवायला हवा. यानं मध्येच दगा दिला तर तुला घर सोडावं लागेल आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नर्सही सोडून जाईल."

मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. माझं वय झालंय. माझ्या जागी नवा येऊ दे, म्हातारी उबेत राहू दे, एवढंच मनात होतं.

लेम्पीनं बँकेत अर्ज केला. पूर्वी बँक कोपऱ्यावर होती. खिडकीतली बाई लेम्पीला नावानं ओळखायची, पावाची चौकशी करायची. ती खिडकी कधीच बंद झाली. आता टेक्ससमधून फोन येतो. लेम्पीला कमी ऐकू येतं म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा ठेवला होता. मी खाली सगळं ऐकलं.

"मॅडम, तुमची पत काय सुंदर आहे हो! साडेआठशेत आठशे बारा! माझ्या सासूनं बघितली तर ती तुमच्या पाया पडेल."

"चालायचंच," लेम्पी म्हणाली. म्हणजे ती आतून सुखावली होती.

"महिन्याचं उत्पन्न?"

तिनं सरकारी पेन्शनचा आकडा सांगितला.

"आणखी काही उत्पन्न?"

"नाही हो. सांगण्यासारखं तसं काही नाही."

मी जागच्या जागी हादरलो. नाही कसं? टाउनोचं धक्क्यावरचं पेन्शन दर महिन्याला येतं! वरच्या खोलीचं भाडं येतं! मला लेम्पीचा श्वास ऐकू येत होता. तो पुन्हा विचारेल म्हणून ती वाट बघत होती. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ती "थोडं आहे" म्हणाली असती, तिसऱ्यांदा सगळं सांगितलं असतं.

"बरं, 'नाही' लिहितो," तो म्हणाला. खटखट बटणं वाजली.

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"मोबाईल नंबर सांगा, मॅडम."

मी नळांत वाफ कोंडली आणि धाडधाड आपटली. सातही रेडिएटर दणाणले.

"कसला आवाज हो तिकडे?"

"काही नाही. बंब म्हातारा झालाय," असं म्हणून तिनं नंबर सांगितला.

पाच नोव्हेंबरची तारीख घालून पत्र आलं. झुपाननं टेबलापाशी मोठ्यानं वाचलं.

"'आपला परतफेडीचा इतिहास उत्कृष्ट आहे. तथापि मागितलेल्या रकमेच्या मानाने आपले उत्पन्न अपुरे असल्याने कर्ज मंजूर करता येत नाही.' अगं, अपुरं कसं? टाउनोचं पेन्शन कुठं गेलं?"

"ते टाउनोचं आहे."

"टाउनो काय करणार तिकडे त्याचं? आणि खोलीचं भाडं?"

"त्यानं एकदाच विचारलं."

झुपाननं पत्र टेबलावर ठेवलं.

"टेक्ससचा होता," लेम्पी म्हणाली. त्या पोराची बाजू घेत!

झुपान इतका हसला की खुर्ची करकरली. मग त्याचं हसू आटलं.

मी नाही हसलो. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. उत्कृष्ट म्हणता आणि दारातूनच परत पाठवता? मग ते उत्कृष्ट काय चाटायचं आहे? संपात पाव विकून जिनं तुमचे पैसे भरले, नवरा मरत असताना जिनं तुमची तारीख पाळली, ती फेडेल की नाही हे कळायला तुम्हाला आणखी कागद लागतो? सेहेचाळीस वर्षांचा पुरावा तुमच्याच कपाटात आहे, तो उघडून बघायला काय हात झिजले असते? टाउनोचं दर महिन्याचं पेन्शनसुद्धा तुमच्याच बँकेत जमा होतं की! पण त्या पोरापुढं एक चौकट होती. चौकटीत 'नाही' लिहिलं, संपला विषय.

आणि लेम्पीवरही मी चिडलोय. लपवून ठेवत नाही. बाई गं, आपलंच आहे ते सांगण्यात कसला आला तोरा? मोठेपणा नको, नको करता करता घर गोठवायची पाळी आणलीस!

झुपाननं तिला परत फोन करायला लावला. यावेळी तिनं सगळं सांगितलं, टाउनोच्या पेन्शनसकट. सांगताना आवाज असा कापत होता की जणू चोरीच कबूल करतेय. पलीकडे दुसरीच कुणी होती.

"मॅडम, तो अर्ज बंद झाला. नवा अर्ज नव्वद दिवसांनी. तीन फेब्रुवारीला करा."

"बरं. आभारी आहे," लेम्पी म्हणाली. आभारी!

"दुसरी बँक बघ," झुपान ओरडला.

"इतकी वर्षं एका बँकेत काढली. आता त्यांच्या पाठीमागं दुसरीकडे जाऊ?"

"त्यांनी तुला हाकललंय, लेम्पी!"

"पत्र सभ्य होतं."

"मग मी बसवून देतो. पैसे फेब्रुवारीत दे."

"बँकेचं देणं लागेन, माणसाचं नाही. दुकानात तू समोर आलास तर मी कुठं बघू?"

झुपाननं कपाळाला हात लावला. मग खाली येऊन माझ्या पाठीला लोखंडाचा लेप थापला आणि म्हणाला, "हा तीन महिने टिकायचा नाही. टिकला तर मी माझी टोपी खाईन." दर शनिवारी येऊन तो लेप बघतो. पैसे देऊ केले तर दुसरीकडे बघतो. ती बदल्यात पाव देते, तो मात्र घेतो.

आज एकोणीस जानेवारी. बाहेर उणे बावीस. माझ्यातून इतकं पाणी गळतं की लेम्पीला दिवसातून दोनदा येऊन माझ्या अंगावरच्या काचेच्या नळीतली पातळी बघावी लागते आणि बादलीनं पाणी भरावं लागतं. वय एकाहत्तर, गुडघा दुखरा, तळघराला तेरा पायऱ्या. माझं पाणी संपलं आणि आग चालू राहिली तर मी उभा फुटेन. म्हणून ती दुपारी कुठं जात नाही. चर्चमधल्या बायकांना सांगते, "घरी जरा काम आहे." यातही तिचं तेच, मोठेपणा नको!

नवा आला की मला इथंच घणानं फोडून तुकडे भंगारात देणार, झुपाननं सांगितलंय. फोडा. माझी तक्रार नाही. पण बँकवाल्यांनो, एकदा या तळघरात उतरा. माझ्या पाठीला हात लावून बघा, चटका बसेल. ज्या बाईला तुम्ही अपुरी म्हणालात तिच्या घराची ऊब एका तडकलेल्या लोखंडावर उभी आहे, आणि ते लोखंड तुमच्यापेक्षा शब्दाला पक्कं आहे. तीन फेब्रुवारीच्या आधी मी विझणार नाही. त्या दिवशी तिचा अर्ज घ्या, नवा बंब दारात येऊ दे, मग घण आणा.

जिन्यात पावलं वाजताहेत. एका पायरीवर दोन पाय टेकवत ती उतरतेय, बादली हिंदकळतेय. तुम्ही निघा आता. मला पाणी प्यायचंय.