शेपूट कापलेलं गाव

सकाळी नकाशा पाठवून दिला आणि रत्नाच्या जीवाला लागलेला घोर जरा हलका झाला. नकाशा कसला, गोधडीच होती ती. खाली गावांच्या शिवा, त्यावर रस्ते, त्यावर कुठल्या गावात गुरांना लस टोचून झाली त्याची माहिती, आणि सगळ्यांत वर लम्पीची गाठ आलेल्या जनावरांचे काळे ठिपके. लस झालेली गावं हिरवी, राहिलेली लाल. गावावर बोट ठेवलं की छोटी चौकट उघडायची आणि गावाचं नाव, गुरं किती, लस किती ते सांगायची. किकवीच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात बसून कोडच्या ओळी लिहीत तिने हे थर एकावर एक टाचले होते. भोर-वेल्ह्यात जनावरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने हे काम तिला दिलं होतं. आज त्याच नकाशाच्या भरवशावर गुरांचे डॉक्टर सिद्धनाथ यांची जीप वेल्ह्याकडे निघाली होती. बर्फाच्या पेटीत लस, आणि ही लस संपली की पुढची कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

साथ आली त्या दिवसापासून रत्नाने नेम धरला होता. गाईला घास घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. हल्ली कुणी कुणाच्या गोठ्यात जात नसे. ती शेजारच्या बांधावर भाकरीचा तुकडा ठेवायची, शेजारीण तो उचलून गाईला द्यायची. आज नकाशाच्या गडबडीत तो घास ओढणीच्या गाठीत तसाच राहिला होता. आता द्यावा म्हणून ती उठली, तोच दारात सासूबाई आल्या.

सखूबाई वरव्याला बारशाला गेल्या होत्या. घामाघूम होऊन त्या पायरीवरच बसल्या.

"काय झालं, आत्याबाई? इतक्या लवकर?"

"लवकर कुठली? पाळण्याचा दोर बी बघाय मिळाला न्हाई. वडापवाल्याला म्हणलं, वरव्याला सोड. त्या मेल्यानं उतरवलं बुद्रुकात. बारसं खुर्दात! म्या आपली बाळंतविडा घिऊन दारोदार. एका दारी ही माणसं बसल्याली. म्या इचारलं, पाळणा कुठं बांधलाय? तर तितं दहाव्याची तयारी!"

रत्नाला हसू फुटलं. "अगं बाई! मग?"

"मग काय, त्यांनीच पाणी दिलं अन् वाटंला लावलं. एक शब्द गिळला गं, बुद्रुक का खुर्द त्येवढं सांगितलं न्हाई, अन् बारशाला निघाल्याली बाई दहाव्याला पोचली."

रत्नाचं हसू ओठांवरच थिजलं.

एक शब्द गिळला.

ती लॅपटॉपकडे धावली. थर जोडताना गावांच्या नावांनी तिला फार छळलं होतं. एका थरात 'सावरघर बु.' होतं, दुसऱ्यात 'सावरघर बुद्रुक', तिसऱ्यात कंसातलं बुद्रुक. माणसाला कळतं हे एकच गाव, कोडला कसं कळावं? मग वैतागून तिने एक ओळ लिहिली होती : नावामागचं शेपूट कापून टाक. नावं पटापट जुळली. तिला वाटलं होतं, देवच पावला.

शेपूट कापल्यावर सावरघर बुद्रुक आणि सावरघर खुर्द यांत फरक तो काय राहिला?

तिने ती ओळ काढली, दोन्ही गावांना आपापली पूर्ण नावं दिली आणि नकाशा पुन्हा उभा केला. खालचं, सडकेवरचं सावरघर बुद्रुक हिरवंच राहिलं. वरचं, डोंगराच्या खांद्यावरचं खुर्द मात्र रक्तासारखं लाल झालं. खुर्दाला एकही सुई लागलेली नव्हती. बुद्रुकाची लस दोन्ही गावांच्या नावे पडली होती. आणि खुर्दाच्या शिवेला खेटूनच एक काळा ठिपका होता.

सुधारलेला नकाशा तिने इंटरनेटवर चढवला आणि डॉक्टरांना फोन लावला. फोन क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. क्षेत्राबाहेर.

"आत्याबाई, माझ्या हातून पाप घडलं. वरच्या वाडीची सगळी गुरं मी कागदावर टोचून टाकली."

सखूबाईंना थर-बिर कळले नाहीत, पण सुनेचा चेहरा कळला. त्या उठल्या. "गाडी काढ. म्या मागं बसती."

"तुम्ही आत्ताच तर..."

"आज माज्या पायाला चक्रंच हाय. चल."

चेलाडी फाट्यावरून स्कूटी वेल्ह्याच्या रस्त्याला वळली. रत्नाचा घसा कोरडा पडला होता. घास गाठीतच होता, पाणी कसं पिणार? मनात नामस्मरण चालू होतं, पण नामाच्या मध्येच काळा ठिपका येई. ठिपका म्हणजे कुणाची तरी गाय, हे नकाशा करताना इतकं टोचलं नव्हतं. सावरघरच्या फाट्यावर चहाच्या टपरीत विचारलं. "पांढरी जीप? मगाशीच गेली की फुडं. हितं थांबलीच न्हाई."

थांबणार कशाला? तिनेच तर हिरवं दाखवलं होतं.

पुढच्या गावाच्या पारापाशी जीप दिसली. डॉक्टर सिद्धनाथ पेटीत बर्फ चाचपत होते. रत्नाने धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी फोनवरचा नकाशा तिच्यापुढे धरला. रेंज नव्हती, सकाळचाच नकाशा उघडा होता. खुर्द हिरवंगार.

"हे बघा ताई, तुमचाच नकाशा."

"तो हिरवा रंग खोटा आहे, डॉक्टर. माझ्यामुळे."

"सकाळचा खोटा, मग आत्ताचं खरं कशावरून? मागं फिरून वर चढायचं म्हणजे हे आणि पुढचं अशी दोन गावं आज राहणार. बर्फ विरघळतोय. तिथं लस झालेलीच निघाली तर?"

त्यांचं काय चुकत होतं? एकदा चुकलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत किती? तिने हात जोडले.

मागून सखूबाई स्कूटीवरून उतरल्या. "अवो डॉक्टर, म्या आज बारशाला निघाले अन् दहाव्याला पोचले. बुद्रुक-खुर्दात फसले. तुमी आमच्यापरीस शिकल्यालं. तुमी उलटं करू नगा. आज बारशाला चला, न्हाईतर आठ दिवसानं दहाव्याला जावंच लागंल."

डॉक्टरांना हसू आलं, आणि हसता हसताच ते गंभीर झाले. पेटीचं झाकण त्यांनी दाबून बसवलं. "बसा आजी जीपमध्ये. स्कूटी राहू द्या इथंच."

खुर्दाच्या वाडीत धोंडाबाई आणि तिचा नवरा सावळा गुरं आवरून वाटच बघत असल्यासारखे उभे होते. एक कालवड बाजूला, करवंदीच्या जाळीआड बांधलेली. मानेवर गाठी.

"दोन दिस झालं. तुमी आमाला इसरला म्हणलं," सावळा म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे रत्नाला जास्तच लागलं.

डॉक्टरांनी कालवडीला हात न लावता आधी धडधाकट गुरं घेतली. एकेक सुई टोचली जात होती आणि रत्ना पेटीकडे बघत मनात मोजत होती, पुरेल ना? शेवटच्या गाईपाशी बाटली उलटी करावी लागली. पुरली.

"आता लस अंगात भिनेपर्यंत वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. "कालवडीपासून लांब ठेवा. दोन दिवस आधी यायला हवं होतं."

धोंडाबाईने रत्नाचा फोन बघितला. "ही हिरवी म्हंजी आमची वाडी का? झ्याक दिसती की."

रेंज नसल्याने रत्नाच्या फोनवरही सकाळचाच नकाशा होता. तिने फोन उलटा धरला. "ते चुकलंय, मावशी."

तिने गाठ सोडली. भाकरी वाळून कडक झाली होती. ती गाईकडे जाऊ लागली, तसे डॉक्टर ओरडले, "ताई, जनावरांत जाऊ नका!"

धोंडाबाईने हात पुढे केला. "आण हिकडं. नेम हाय व्हय? माज्या हातनं खाईल." टोचलेल्या गाईने तो तुकडा चघळला. मग धोंडाबाईने तांब्या आणून दिला. रत्ना प्यायली.

उतरताना वळणावर रेंज आली. हातातला नकाशा थरथरला आणि सावरघरची दोन गावं वेगळी झाली, वरचं लाल. तिने वरच्यावर बोट ठेवलं. चौकट उघडली, तीत तिने नोंद केली : सावरघर खुर्द. आजारी एक. लस, आज.

"लाल का अजून?" सखूबाईंनी विचारलं. "टोचलं की आता."

"राहू द्या," रत्ना म्हणाली. तिची नजर मागे डोंगराच्या खांद्यावर होती, जिथे करवंदीची जाळी आता दिसेनाशी झाली होती. "लस भिनली असं डॉक्टर म्हणतील तेव्हा बदलीन."